एल-ॲस्पचं इंजेक्शन आणि पाठीतलं पाणी : ल्यूकेमियाच्या मुलांच्या पालकांसाठी

"रक्ताचा कॅन्सर आहे ना, मग पाठीत सुई कशाला?" मुलाला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया, म्हणजे एएलएल, असल्याचं निदान झालं की पहिल्या आठवड्यातच आईवडील हा प्रश्न विचारतात. पुढे एल-ॲस्पची इंजेक्शनं सुरू झाली की दुसरा प्रश्न येतो : "हे मांडीतलं औषध चालू आहे, पाठीतल्या पाण्यावरही त्याचा परिणाम होतो म्हणतात, मग पाठीतली सुई टाळता नाही का येणार?"

एल-ॲस्प म्हणजे एल-ॲस्परॅजिनेज. हे औषध पाठीतल्या पाण्यात स्वतः उतरत नाही, तरी तिथल्या कॅन्सरपेशींचं अन्न तोडण्याचं काम बऱ्याच अंशी करतं. मात्र त्यासाठी रक्तात त्याचा अंमल सलग टिकावा लागतो, आणि तेवढ्यानेही पाठीतल्या इंजेक्शनाची गरज संपत नाही. हे नीट समजलं की वेळापत्रक का पाळायचं, कोणत्या तक्रारीसाठी तातडीने रुग्णालय गाठायचं आणि कशाची भीती सोडून द्यायची, हे ठरवणं सोपं जातं.

पाठीत सुई कशासाठी

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक नितळ द्रव असतो. त्यालाच आपण पाठीतलं किंवा मणक्यातलं पाणी म्हणतो. मोठ्या माणसात ते साधारण १५० मिलिलिटर असतं, आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होत असल्याने ते दिवसातून तीन-चार वेळा बदललं जातं. तपासणीसाठी काढलेले दोन-चार मिलिलिटर त्यामुळे काही तासांतच भरून निघतात.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार निवडक असतात. रक्तातली बरीच औषधं त्या आत सोडत नाहीत. एरवी हे संरक्षण आहे, पण ल्यूकेमियात तीच अडचण होते. थोड्याशा कॅन्सरपेशी या भिंतीपलीकडे जाऊन बसल्या, तर केमोचा मारा त्यांच्यापर्यंत पुरेसा पोचत नाही. १९६०च्या दशकात डॉक्टरांना हा अनुभव वारंवार आला. औषधांनी रक्त आणि बोन मॅरो स्वच्छ व्हायचे, मूल खेळायला लागायचं आणि काही महिन्यांनी आजार मेंदूच्या आवरणात उलटायचा. मेंदूसाठी वेगळे उपचार न मिळालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत असं घडत असे. अमेरिकेतल्या मेम्फिस इथल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी १९६२पासून मेंदूवरचे प्रतिबंधक उपचार मूळ उपचारातच गुंफायला सुरुवात केली आणि एएलएल बरा होऊ शकतो, हे दिसू लागलं. तेव्हा त्यासाठी डोक्याला किरणोपचार देत. आज बहुतेक मुलांमध्ये ते टाळता येतात, कारण त्यांची जागा पाठीतून दिलेल्या मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या नेमक्या औषधांनी घेतली आहे. त्या नेमक्या औषधांत एल-ॲस्पही येतं.

तपासणीत पाठीतल्या पाण्यात एकही कॅन्सरपेशी दिसली नाही, तरी पाठीतली इंजेक्शनं द्यावीच लागतात, ती या अनुभवामुळे.

एल-ॲस्प करतं काय

या औषधाची गोष्ट गिनीपिगपासून सुरू होते. १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन किड यांना दिसलं की, गिनीपिगच्या रक्तातला सीरम टोचला की उंदरांमधल्या लिम्फोमाच्या गाठी विरघळतात. सीरममधला नेमका कोणता घटक हे करतो, ते १९६१मध्ये जॉन ब्रूम यांनी दाखवलं : ॲस्परॅजिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे विकर. पुढे तेच एन्झाइम ई. कोलाय या जिवाणूपासूनही मिळवता येतं, असं आढळलं आणि औषध मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा मार्ग मोकळा झाला.

ॲस्परॅजिन हे प्रथिनं बनवण्यासाठी लागणारं एक अमिनो आम्ल. आपल्या बहुतेक पेशी ते स्वतः तयार करतात. एएलएलच्या पेशींची ती क्षमता मात्र फार तोकडी असते, त्यामुळे त्या रक्तातल्या आयत्या ॲस्परॅजिनवर जगतात. एल-ॲस्प रक्तातलं ॲस्परॅजिन फोडून त्याचं ॲस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया करतं. बाहेरचा पुरवठा तुटला की कॅन्सरपेशींना प्रथिनं बनवता येत नाहीत आणि त्या मरतात. इतर केमो औषधं पेशींवर थेट विषारी मारा करतात, हे औषध उपासमार घडवतं. म्हणून एकट्या एल-ॲस्पमुळे केस गळण्याचं किंवा तोंड येण्याचं प्रमाण फारसं नसतं. त्याचे दुष्परिणाम वेगळ्या जातीचे आहेत, त्याबद्दल पुढे येईल.

औषध बाहेर, परिणाम आत

एल-ॲस्पचा रेणू फार मोठा आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत तो ओलांडत नाही. शिरेतून किंवा मांडीतून औषध दिल्यावर पाठीतल्या पाण्याची तपासणी केली तर तिथे हे एन्झाइम जवळपास सापडतच नाही. ॲस्परॅजिनची पातळी मात्र खाली गेलेली आढळते.

शेजारी शेजारी असलेल्या दोन विहिरींपैकी एकीवर मोटर लावून सतत उपसा केला की दुसरीचंही पाणी खाली जातं. इथेही तसंच होतं. निरोगी अवस्थेत पाठीतल्या पाण्यातलं ॲस्परॅजिन रक्ताच्या तुलनेत थोडंच, साधारण दहाव्या हिश्श्याइतकं असतं. रक्तातलं ॲस्परॅजिन संपत गेलं की पाठीतल्या पाण्यातलंही काही दिवसांत घटू लागतं. रक्तातला उपसा थांबला की दोन्हीकडची पातळी पुन्हा वर येते.

मुलांमध्ये झालेल्या तपासण्यांतून दोन गोष्टी पुढे आल्या. बहुतेक मुलांमध्ये पाठीतलं ॲस्परॅजिन स्पष्टपणे कमी होतं, ही पहिली. प्रत्येक मुलात, प्रत्येक वेळी ते पूर्ण शून्यावर जात नाही, ही दुसरी. औषधाचा प्रकार, डोस, दोन डोसांतलं अंतर आणि शरीरात औषधाविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं यांवर ते अवलंबून असतं. शिवाय मेंदू स्वतःही थोडं ॲस्परॅजिन बनवतो.

पालकांच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निघतात. एक, एल-ॲस्पचा डोस म्हणजे मेंदूच्या रक्षणाचाही डोस आहे, तो चुकवायचा नाही. दोन, रक्तात औषधाचा अंमल मध्येच तुटला तर मेंदूच्या आवरणात दडलेल्या पेशींनाही पुन्हा अन्न मिळतं. तीन, आतली उपासमार अपुरी राहू शकत असल्याने पाठीतून दिलेलं औषध आणि एल-ॲस्प ही एकमेकांच्या जोडीला हवीत. एक चालू आहे म्हणून दुसरं बंद करता येत नाही.

प्रकार आणि वेळापत्रक

भारतात मुलांना मिळणारं एल-ॲस्प मुख्यतः दोन प्रकारचं असतं आणि क्वचित तिसरं वापरावं लागतं.

साधं, म्हणजे ई. कोलायपासून मिळवलेलं मूळ औषध स्वस्त आहे, पण शरीरात लवकर संपतं. त्याचं प्रमाण साधारण सव्वा दिवसात निम्मं होतं. म्हणून ते आठवड्यातून दोन-तीन वेळा किंवा दिवसाआड द्यावं लागतं.

पेग-ॲस्परॅजिनेज हे त्याच एन्झाइमला पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडून केलेलं औषध. ते निम्मं व्हायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, त्यामुळे एका डोसचा अंमल दोन आठवड्यांच्या आसपास टिकतो. किंमत जास्त असली, तरी सुया आणि फेऱ्या कमी होतात.

एर्विनिया हे वेगळ्या जिवाणूपासून मिळवलेलं औषध. पहिल्या दोघांची ॲलर्जी झाली तर हा पर्याय असतो. पण ते एका दिवसाच्या आतच निम्मं होतं, म्हणून आठवड्यातून तीनदा तरी लागतं. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत ई. कोलाय आणि एर्विनिया सारख्याच डोसने, सारख्याच अंतराने दिली गेली, तेव्हा एर्विनिया मिळालेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण अधिक निघालं. डोस कागदावर सारखा असला तरी रक्तातला अंमल सारखा नव्हता. म्हणूनच दोन प्रकारांची अदलाबदल डॉक्टरांना न विचारता कधीही करू नये. "दुकानात ते नव्हतं, हे मिळालं" असं इथे चालत नाही.

औषध काम करतंय की नाही, हे रक्तातल्या एन्झाइमच्या सक्रियतेवरून कळतं. पुढचा डोस देण्याआधी ती प्रति मिलिलिटर ०.१ युनिट किंवा त्याहून जास्त असावी, असं साधारणपणे मानतात. रक्तातलं ॲस्परॅजिन थेट मोजणं अवघड आहे, कारण नळीत काढलेल्या रक्तातही एन्झाइम आपलं काम चालूच ठेवतं. पाठीतल्या पाण्यातलं ॲस्परॅजिन तर संशोधनातच मोजतात. ती चाचणी तुमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये नसेल, तर काही राहून गेलं असं समजू नका. एन्झाइमच्या सक्रियतेची चाचणी तुमच्या रुग्णालयात उपलब्ध आहे का, एवढं मात्र जरूर विचारा. भारतातल्या संशोधकांना बाजारातल्या काही जेनेरिक एल-ॲस्पची सक्रियता अपेक्षेपेक्षा कमी आढळली आहे, म्हणून या चाचणीला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे.

औषध तुम्ही स्वतः विकत आणून वॉर्डात देत असाल, तर इतकं करा :

- बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते. दुकानातून बर्फाच्या पिशवीसह थंडपेटीत न्या. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका, गोठलेलं औषध वाया जातं.
- औषधाचं नाव, प्रकार, कंपनी, बॅच नंबर आणि मुदत वहीत लिहा, पावती जपा.
- डोस दिल्याची तारीख आणि वेळ फाइलमध्ये नोंदली गेली आहे का, ते पाहा.
- सणवार, लग्न, पेरणी यांसाठी तारीख पुढे ढकलायची असेल तर आधी विचारा. काही तारखा हलू शकतात, काही अजिबात नाही.

ॲलर्जी, दिसणारी आणि न दिसणारी

एल-ॲस्प हे जिवाणूचं प्रथिन असल्याने शरीर त्याला परकं समजू शकतं. पहिल्या डोसला सहसा काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या डोसला किंवा काही आठवड्यांच्या खंडानंतर पुन्हा सुरू करताना धोका वाढतो. अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, एकाएकी खोकला, धाप, ओकारी, चेहरा पांढरा पडणं यांपैकी काही दिसलं तर लगेच नर्सला हाक मारा. इंजेक्शननंतर निदान तासभर, किंवा सांगितलं असेल तेवढा वेळ, वॉर्ड सोडू नका. घर लांब आहे आणि गाडी चुकेल म्हणून लवकर निघणं धोक्याचं आहे.

दुसऱ्या प्रकारात बाहेरून काहीच दिसत नाही. अंगावर पुरळ नाही, ताप नाही, पण प्रतिद्रव्यं औषधाला निष्प्रभ करतात. मूल डोस घेत राहतं, पैसे खर्च होत राहतात आणि ॲस्परॅजिन काही घटत नाही, रक्तातलंही नाही आणि पाठीतल्या पाण्यातलंही नाही. हे फक्त सक्रियतेच्या चाचणीतून कळतं. याच कारणासाठी, मागच्या वेळी खाज आली होती म्हणून या वेळी घरूनच ॲलर्जीची गोळी देऊन नेऊ नका. गोळीने लक्षणं झाकली जातील, औषध निष्प्रभ होणं मात्र थांबणार नाही आणि डॉक्टरांना सुगावाही लागणार नाही.

एलपीच्या दिवशी

लंबर पंक्चर, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत एलपी किंवा 'पाठीतलं इंजेक्शन', एकाच वेळी दोन कामं करतं : तपासणीसाठी पाणी काढणं आणि औषध आत सोडणं. संपूर्ण उपचारांत ते एक डझनाहून अधिक वेळा होतं, म्हणून त्याची नीट सवय लावून घेतलेली बरी.

पाठीत सुई घेतल्याने मूल पांगळं होतं, ही भीती गावोगाव ऐकू येते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या बऱ्याच खाली, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत घालतात. तिथे फक्त पाणी आणि मोकळ्या मज्जातंतूंचे धागे असतात.

आदल्या दिवशी आणि त्या सकाळी काय पाहावं?

- गुंगी देणार असतील तर उपाशीपोटी राहण्याची वेळ नेमकी विचारा. जेवण आणि दूध साधारण सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. रुग्णालयाने दिलेली वेळ अंतिम माना. "थोडंसं बिस्कीट" सुद्धा गुंगीत फुप्फुसात जाऊ शकतं. दिलंच असेल तर लपवू नका.
- प्लेटलेटचा ताजा काउंट झाला आहे ना? पहिल्या एलपीच्या वेळी रक्तात कॅन्सरपेशी असताना अनेक केंद्रं तो किमान ५० हजार असावा, असं पाहतात. सुई रक्तवाहिनीला लागून रक्तातल्या पेशी पाण्यात उतरू नयेत, हा हेतू असतो.
- एल-ॲस्प चालू असताना यकृतात बनणारी रक्त गोठवणारी प्रथिनं कमी होतात, फायब्रिनोजेन घटतं. त्याच वेळी रक्त गोठू न देणारं अँटीथ्रॉम्बिनही घटतं. म्हणजे रक्तस्राव आणि गाठ हे दोन्ही धोके एकाच औषधाने वाढतात. नाकातून रक्त, अंगावर नवे निळे डाग असं काही दिसलं असेल तर एलपीआधी सांगा.
- रक्त पातळ करणारं हेपारिनचं इंजेक्शन चालू असेल तर ते आठवणीने सांगा. पूर्ण डोस असेल तर एलपीच्या साधारण २४ तास आधी तो थांबवतात.

पाठीतून देण्याच्या औषधाचा डोस वजनावर ठरत नाही, वयावर ठरतो. तीन वर्षांपर्यंत पाठीतल्या पाण्याचं प्रमाण मोठ्यांच्या जवळपास पोचतं. म्हणून तीन वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचं मूल यांना मेथोट्रेक्सेटचा सारखाच, १२ मिलिग्रॅमचा डोस मिळालेला दिसला तर ती चूक नव्हे.

एक नियम मात्र जगभर कडक आहे. व्हिन्क्रिस्टिन हे औषध फक्त शिरेतून द्यायचं. चुकून पाठीत गेलं तर ते जीवघेणं ठरतं. म्हणून चांगल्या केंद्रांत एलपीच्या ट्रेवर व्हिन्क्रिस्टिन येऊच देत नाहीत आणि ते सिरिंजऐवजी सलाईनच्या छोट्या पिशवीतून देतात. "आज पाठीत कोणतं औषध जाणार?" असं त्या वेळी विचारायला पालकांनी संकोचू नये. डॉक्टरही औषधाचं नाव मोठ्याने वाचून खात्री करतात.

एलपीनंतर सांगितलेला वेळ मुलाला सरळ झोपवून ठेवा. औषध वरपर्यंत पसरायला त्याची मदत होते. नंतर भरपूर पाणी, ताक, सरबत द्या. पट्टी दुसऱ्या दिवशी काढता येते.

रिपोर्टवरचे शब्द

पाठीतल्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांत ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरपेशी, दिसल्या का, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. त्यावरून तीन गट करतात. सीएनएस-१ म्हणजे ब्लास्ट दिसले नाहीत. सीएनएस-२ म्हणजे पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर पाचपेक्षा कमी, पण त्यांत ब्लास्ट आहेत. सीएनएस-३ म्हणजे पाच किंवा जास्त पेशी आणि त्यांत ब्लास्ट, किंवा चेहरा वाकडा होणं, दुहेरी दिसणं अशी मज्जातंतूंची लक्षणं.

सीएनएस-२ किंवा ३ आलं म्हणजे सगळं संपलं, असं मुळीच नाही. उपचार वाढवले जातात. पाठीतली इंजेक्शनं जवळजवळच्या तारखांना देतात आणि काही मुलांना किरणोपचार लागतात. टी-सेल प्रकारचा ल्यूकेमिया असलेल्या किंवा सुरुवातीला पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या मुलांमध्ये मेंदूची जोखीम जास्त धरली जाते, म्हणून त्यांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या वेळापत्रकाशी तुलना करून घाबरू नका.

डोकं दुखतंय : थांबायचं की निघायचं?

एल-ॲस्प आणि पाठीतली इंजेक्शनं एकाच काळात चालू असताना डोकेदुखीकडे बारकाईने पाहावं लागतं, कारण तिची कारणं अनेक आहेत.

एलपीनंतरची साधी डोकेदुखी एक-दोन दिवसांत सुरू होते. उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते. आराम, पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल यांनी ती काही दिवसांत जाते. पण पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजा आणि ताप असेल तर आधी रुग्णालयाला कळवा.

दुसरी डोकेदुखी गंभीर असते. एल-ॲस्पमुळे मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरांमध्ये गाठ होऊ शकते. ही डोकेदुखी आडवं झाल्यावरही थांबत नाही, उलट वाढते. सोबत वारंवार उलट्या, धूसर दिसणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, झटका किंवा न उतरणारी गुंगी असू शकते. दहा वर्षांवरच्या मुलांमध्ये आणि एल-ॲस्पसोबत स्टेरॉइड चालू असताना ही शक्यता अधिक. निदान एमआरआयमध्ये शिरांची तपासणी करून होतं. वेळेत हेपारिन सुरू झालं तर बहुतेक मुलं सावरतात, आणि अनेकदा एल-ॲस्पही पुढे काळजीपूर्वक पुन्हा देता येतं.

आणखी दोन कारणं लक्षात असू द्या. स्टेरॉइडमुळे रक्तदाब वाढून डोकेदुखी, अंधारी आणि झटका येऊ शकतो. तसंच, पाठीतून मेथोट्रेक्सेट दिल्यावर साधारण दोन दिवस ते दोन आठवड्यांच्या दरम्यान काही मुलांना अचानक बोलता न येणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असा त्रास होतो. बहुतेकांचा तो उतरतो, पण त्याची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. एल-ॲस्पमुळे तयार होणारा अमोनिया काही मुलांत वाढतो, तेव्हा मूल फार सुस्त, चिडचिडं किंवा गोंधळलेलं वाटतं.

म्हणून घरचा नियम सोपा ठेवा. झटका, लुळेपणा, बोलण्यात बदल, सतत उलट्या, न उतरणारी डोकेदुखी, जागं न होणारं मूल किंवा मान आखडून आलेला ताप : यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. जवळच्या डॉक्टरांकडे आधी जावं लागलं तर "एल-ॲस्प चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला, शेवटची एलपी अमुक तारखेला" हे वाक्य आधी सांगा.

पोट, साखर आणि ताट

एल-ॲस्पमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. बेंबीच्या वर जोरात दुखणं, ते पाठीत जाणं आणि उलट्या अशी तिची खूण असते. "काहीतरी बाधलं" म्हणून ओवा किंवा अँटासिड देऊन रात्र काढू नका. गंभीर सूज येऊन गेली तर हे औषध सहसा पुन्हा देत नाहीत, म्हणून तिचं लवकर निदान होणं मोलाचं आहे. स्टेरॉइडसोबत साखरही वाढते. मूल सारखं पाणी पीत असेल आणि वारंवार लघवीला जात असेल तर साखर तपासून घ्या. रक्तातली चरबी वाढली तर काही काळ तेल-तूप कमी करायला सांगतात.

ताटाबाबत एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. इंटरनेटवर 'ॲस्परॅजिन' वाचून काही पालक मुलाची डाळ, बटाटा, दूध, अंडी बंद करतात. ॲस्परॅजिन जवळपास प्रत्येक प्रथिनयुक्त अन्नात असतं आणि शरीर ते स्वतःही बनवतं. जेवणातून ते तोडता येत नाही. कुपोषण मात्र नक्की होतं, आणि कुपोषित मुलाला उपचार सोसत नाहीत. वरणभात, मऊ खिचडी, नीट उकडलेलं अंडं, उकळलेलं दूध, ताजं शिजवलेलं घरचं जेवण चालू ठेवा. आयुर्वेदिक चूर्ण, काढे किंवा कुणी दिलेली 'रक्त वाढवणारी' पुडी देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. यकृतावर ताण पडला तर एल-ॲस्पच्याच तारखा पुढे जातात.

उपचार अर्धवट सोडू नका

एएलएलचे संपूर्ण उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. एल-ॲस्पचे बरेचसे डोस पहिल्या काही महिन्यांतच येतात आणि तेव्हाच मूल सर्वाधिक त्रासलेलं असतं, घरचे पैसे संपलेले असतात. "रक्त तर नॉर्मल आलं" म्हणून याच टप्प्यावर काही कुटुंबं गावी परततात. आजार मेंदूच्या आवरणात उलटण्याची जोखीम तिथूनच वाढते. ठरलेले एल-ॲस्पचे डोस पूर्ण न झालेल्या जोखमीच्या गटातल्या मुलांचे निकाल कमी चांगले येतात, हे परदेशातल्या मोठ्या अभ्यासांतही दिसलं आहे.

पैशांची अडचण असेल तर ती लपवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरच्या उपचारांचा समावेश आहे. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. औषध, रक्त, प्रवास, राहणं यांच्या सोयी त्यांना ठाऊक असतात. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था विनामूल्य निवारा देतात. डोस चुकायच्या आधी समाजसेवकाला भेटा, चुकल्यावर नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा : माझ्या मुलाला कोणत्या प्रकारचं एल-ॲस्प मिळतंय? एकूण किती डोस आणि किती झाले? सक्रियतेची चाचणी होईल का? पाठीतल्या पाण्याचा गट कोणता आला? रात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि ती वही मुलासोबत प्रत्येक ठिकाणी न्या.